मोनालीच्या दहा ओळी

मोनाली दर तिसऱ्या दिवशी सकाळी डोमकळ्या तोडायची. कपाशीचं फूल उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारखं पिळून बसलं की आत गुलाबी अळी आहे असं समजायचं. अशी फुलं ती खुडायची, रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डबड्यात टाकायची आणि वहीत आकडा लिहायची. हे सगळं फक्त दहा ओळींत. शेजारच्या दहा ओळींतल्या डोमकळ्या ती नुसत्या मोजायची, त्यांना हात लावायची नाही. दोन्हीकडे बियाणं तेच, खत तेच, फवारणीही तेवढीच. मग आठची पुसदची गाडी धरायला ती धावत घरी जायची. सलवारीचे पाय दहिवरानं गुडघ्यापर्यंत ओले असायचे.

बळीरामला, तिच्या बापाला, त्या दुसऱ्या दहा ओळी बघवायच्या नाहीत. अळी समोर दिसते आणि तिला तशीच राहू द्यायची, हे त्याच्या हाताला पटत नव्हतं.

"त्याही तोडून टाकू का व?" तो विचारायचा.

"नका बाबा. त्या तशाच पायजेत."

"कायले पण?"

"तोडल्यानं काई फरक पडते का नाई, हे मंग कळन कसं?"

धुऱ्यापलीकडचा देवीलाल बैल पाण्यावर नेताना थांबायचा. "बळीराम, पोरगी फुलं तोडून राह्यली म्हणते तुही. फुलं तोडली तं बोंडं कुठी लागतीन? हिच्या वहीले?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत पुढे जायचा. बळीराम आपल्या कामाला लागायचा. तसाही चैत्रापासून तो कमीच बोलत होता. चैत्रात त्याची बायको इंदूबाई गेली. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, सात महिने चाललं. फुलसावंगीपासून दोन कोसांवरच्या या गावात साडेतीन एकर कपाशी तिच्याशिवाय उभी राहिली, असं हे पहिलंच साल होतं.

आणि साल तरी कसलं! गुलाबी अळीनं जिल्ह्यातली कपाशी आतून पोखरली होती. लोक औषधामागून औषध फवारत होते आणि फवारणारी माणसंच यवतमाळच्या दवाखान्यात भरती होत होती. श्रावणात बळीरामही दोन दिवस डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडला होता. उजेड सहन होत नव्हता, पाण्याचा घोट पोटात राहत नव्हता. तेव्हा मोनाली त्याच्या उशाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी तो उठला, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मले वीस ओळी द्या."

त्यामागे आणखी एक कारण होतं. हैदराबादला विज्ञानाची एक मोठी संशोधन संस्था होती. बारावीनंतर पाच वर्षांचं शिक्षण, राहणं-जेवण त्यांचंच, आणि पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम. सगळ्या देशातून चाळीस मुलं घ्यायचे. पुसदच्या कॉलेजातल्या मधुसूदन सरांनी मोनालीचा अर्ज भरला होता. लेखी परीक्षा ती पास झाली. गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण पेढे वाटायचे की नाही हेच बळीरामला कळलं नव्हतं. आता प्रत्येकानं स्वतः केलेल्या एखाद्या कामाचा अहवाल पाठवायचा होता. तो आवडला तर मुलाखत. नाही आवडला तर पुसदलाच बी.एस्सी., तीही घरचं आणि वावराचं बघून. मोनाली तसं बोलून दाखवत नव्हती. पण तिची चूल पेटवायची घाई, भाकरी थापतानाही वहीकडे जाणारी नजर, हे बळीराम बघत होता.

दिवाळी झाली आणि पहिली वेचणी आली. आदल्या संध्याकाळी मोनालीनं दोन्हीकडची फुटलेली बोंडं एक एक झाड धरून मोजली. वेचणीच्या दिवशी नेमकी तिची कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा होती.

"बाबा, दोन चादरी अंथरल्या," तिनं सकाळी सांगितलं. "निळीवर डोमकळ्या तोडल्या त्या ओळीचा कापूस. पांढरीवर न तोडल्याचा. बाकी वावराचा कापूस तिसरीकडं, मोठ्या ढिगात. सरमिसळ नाई झाली पायजे. तुमी इथून हलू नका."

"नाई हालत."

"जेवालेही?"

"इथीच खाईन. जा तू, गाडी जाईन."

वेचायला सात बाया होत्या. पुढे वच्छलाबाई. वीस वर्षं ती आणि इंदूबाई एका रांगेत वेचत आल्या होत्या. तिच्यामागे तांड्यावरची मानीबाई आणि बाकीच्या. कमरेला ओट्या बांधून बाया ओळींत शिरल्या. दोन्ही हात दोन बोंडांवर, मान खाली, तोंड सुरू. किडक्या बोंडातला पिवळट कवडी कापूस नखानं सुटा करताना त्या अळीला आणि बियाण्याच्या कंपनीला सारख्याच शिव्या देत होत्या.

पहिली ओटी रिकामी करायला वच्छलाबाई आली. तिनं चादरींकडे पाहिलं.

"ह्या दोन कायच्या, भौ?"

"मोनालीच्या. त्या हैदराबादच्या परीक्षेच्या."

"अन् ह्या दोन्हीतली तिची कोनती?"

"दोन्ही तिच्याच. पन मेहनत केली ते निळी."

"म्हणजे निळी जड भरली पायजे."

"जेवढी भरन तेवढी," बळीराम म्हणाला.

वच्छलाबाई मोठ्या ढिगाकडे गेली, ओटी सोडली, आणि परत येताना ओटीत राहिलेला कापूस दोन्ही ओंजळींनी निळ्या चादरीवर टाकला. शुभ्र, एक डाग नसलेला. बळीराम बघतच राहिला. मागून मानीबाई आली. तिनंही तेच केलं. मग तिसरी. न सांगता, न बोलता, जशी ओळीतून ओळ धरतात तशा.

"वच्छलाबाई," तो म्हणाला, "हे तं..."

"चूप ऱ्हा भौ. तुमच्या खिशातून नाई गेलं. आमच्या वेचणीतलं हाय."

ते खरं होतं. बायांना किलोवर मजुरी होती. या चादरींचा कापूस त्यांच्या हिशेबात धरायचा नव्हता, त्या वीस ओळींची मजुरी वेगळी, ठोक ठरली होती. जी ओंजळ इकडे पडली, ती त्यांच्या मजुरीतून गेली.

"इंदू असती," वच्छलाबाई म्हणाली, "अन् माह्या पोरीची परीक्षा असती, तं तिनं हात आखडला असता का? सांगा बरं."

बळीरामनं पागोट्याच्या पदरानं तोंड पुसलं. संध्याकाळपर्यंत बाया चार-चार खेपा आल्या आणि दर खेपेला ओंजळी पडत राहिल्या. तो चादरींपाशी बसून होता. लेकीनं सांगितल्याप्रमाणे तो कुठंही हलला नाही.

मोनाली आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं काटा बाभळीच्या फांदीला अडकवला. पांढरी चादर साडेचौदा किलो भरली. निळी चादर तेवीस.

तिनं पुन्हा तोलली. तेवीसच.

"बाबा!" ती ओरडली आणि बापाच्या दंडाला धरून उभ्या जागी उडी मारली. चैत्रानंतर ती अशी पहिल्यांदाच हसली होती. रात्रीच्या जेवणात तिनं वांग्याची भाजी केली आणि मधुसूदन सरांना फोन लावला. सर म्हणाले, "अगं, हे फारच छान! एवढा फरक तर पुस्तकातसुद्धा नाही." बळीराम भाजीतलं वांगं चिवडत बसला. सांगावं असं त्याला दोनदा वाटलं. पण त्या हसण्यापुढे जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोनाली वही घेऊन ओट्यावर बसली आणि तासाभरात तिचा चेहरा बदलला.

"काय झालं व?"

"बोंडं कमी अन् कापूस जास्त येऊन राह्यला."

तिनं त्याला समजावून सांगितलं. तोडलेल्या ओळींत चार हजार पन्नास बोंडं फुटली होती, न तोडलेल्यांत तीन हजार सहाशेवीस. तिनं वीस बोंडांचा कापूस दुकानातल्या बारीक काट्यावर तोलून आणला होता. ऐंशी ग्रॅम. म्हणजे एका बोंडाला चार. त्या हिशेबानं पांढऱ्या चादरीचं वजन बरोबर जुळत होतं. निळीचं सोळा किलोच्या आसपास यायला हवं होतं.

"सात किलो कुठून आला?" ती म्हणाली. "माह्या मोजण्यात चूक झाली, बाबा. अंधार पडत आलता, घाईघाईत मोजलं म्या."

बळीराम जनावरांकडे बघतो असं सांगून उठला.

कापूस वेचला तरी बोंडाचं उघडं टरफल झाडावर राहतं. मोनाली ती टरफलं मोजायला निघाली. पाचशे झाडं. उन्हात वाकून, एकेक फांदी बाजूला करून. टरफलांची टोकं सुईसारखी असतात. दुपारी ती घरी आली तेव्हा बोटांच्या पेरांवर रक्ताचे ठिपके होते. आकडा तोच आला, दहा-बाराचा फरक. तिनं पाणी प्यायलं आणि पुन्हा गेली. सोमवारी कॉलेजला गेलीच नाही. मंगळवारी बळीराम वावरात आला तेव्हा ती तिसऱ्यांदा मोजत होती. ओठांनी आकडे पुटपुटत होती, आणि मध्येच थांबून तिनं स्वतःच्या कपाळावर हातानं मारून घेतलं.

"बंद कर," बळीराम म्हणाला.

"अहवाल दहा तारखेले द्याचा हाय, बाबा. मले मोजताच येत नसन तं म्या कायले जाऊ तिथी?"

"तुहं मोजणं बरोबर हाय."

ती उभी राहिली.

"बायांनी टाकला कापूस," तो म्हणाला. "मोठ्या ढिगातला. ओंजळ ओंजळ. तुहं वजन जास्त भरावं म्हणून."

"तुमाले कोण सांगतलं?"

"कोण सांगन? म्या तिथीच बसलो होतो."

मोनाली त्याच्याकडे बघत राहिली. तो मातीकडे बघत होता. पन्नाशीच्या माणसानं सतरा वर्षांच्या लेकीपुढे असं उभं राहणं त्याला जड जात होतं, पण तो जागचा हलला नाही.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस म्या टरफलं मोजली अन् तुमी पाह्यत होता?"

"हाव."

ती मटकन खाली ओळीतच बसली. रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. बराच वेळ तिनं हाताच्या पेरांतलं कुसळ काढलं. मग म्हणाली, "कोणीकोणी टाकला?"

"सातही जणींनी."

वच्छलाबाई घरी जनावरांसाठी कुटार पोत्यात भरत होती. मोनालीनं विचारल्यावर आधी ती कबूलच होईना, मग चिडली.

"चोरी केली का व आमी? देल्लंच नं? घेतलं तं नाई!"

"मावशी, चोरी नाई म्हणत म्या. किती टाकला तेवढं सांग. तेवढा वजा करतो."

"मोजून टाकते का कोणी? तुह्या मायले बाळंतपणात तूप देल्लं तेही म्या मोजून नोतं देल्लं."

मानीबाईला आणि बाकीच्या बायांनाही बोलावलं. मोनालीनं दुकानातून मागून आणलेला बारीक काटा आणि कापूस पुढे ठेवला आणि प्रत्येकीला त्या दिवशी टाकली तशी ओंजळ टाकायला सांगितली. वच्छलाबाईची ओंजळ एकदा साठ ग्रॅम भरली, एकदा शंभर. मानीबाई म्हणाली, ती पाचदा आली. बाकीच्या म्हणाल्या, चारदा. शिवाय शेवटच्या खेपेला आपण ओटीच उपडी केली, हे मानीबाईला मागाहून आठवलं. "छोरी, तूच सांग, असं कोण ध्यानात ठेवते?" ती म्हणाली. बाया एकमेकींचे आकडे खोडू लागल्या आणि ओसरीत मोठा गोंधळ झाला. मोनालीनं काटा गुंडाळला.

"तुहं नुकसान केलं का व आमी?" वच्छलाबाईचा आवाज आता खाली आला होता.

मोनालीनं खोटं सांगितलं नाही. "केलं, मावशी," ती म्हणाली. मग तिच्याजवळ जाऊन बसली आणि कुटाराच्या पोत्याचं तोंड धरलं. दोघींनी मिळून पोतं भरलं.

मधुसूदन सरांनी दुसऱ्या दिवशी स्पष्टच सांगितलं. "सोळा किलो लिही. तुझ्या हिशेबानं तेवढाच असणार ना? मग खोटं कुठं आहे?"

"सर, तो तोललेला नाई. तो म्या काढलेला हाय."

"कोण विचारणार आहे?"

"बोंडावरून वजन मीच काढाचं, अन् मंग तोडल्यानं वजन वाढलं असं मीच म्हणाचं. त्यात वजन कुठी आलं, सर?"

सर म्हणाले, "बघ, तुझा कागद आहे. पण बाकीची मुलं काय काय पाठवणार आहेत, ते लक्षात ठेव."

ते बळीरामही लक्षात ठेवून होता. मोठ्या शहरांतली मुलं, मोठी यंत्रं. त्यांच्या कागदात कुठंही, वेचणाऱ्या बायांनी ओंजळी टाकल्या म्हणून अर्धं काम बाद झालं, असं असणार नव्हतं. त्यानं तिला एकदाच विचारलं, "लिहिलंच पायजे का ते?"

"लिहिलं पायजे, बाबा."

दुसरी वेचणी अहवालाच्या चार दिवस आधी झाली. या वेळी मोनाली स्वतः चादरींपाशी होती. वच्छलाबाई प्रत्येक खेपेला रिकामे हात तिच्या तोंडासमोर नाचवून दाखवायची. "पाह्य! पाह्यलं? लिव वहीत." वजन भरलं अकरा किलो आणि साडेनऊ. फरक दीड किलोचा.

"एवढाच?" बळीराम म्हणाला.

"एवढाच," मोनाली म्हणाली. तिचा चेहरा थकलेला होता, पण त्यावर त्या तीन दिवसांचं काही उरलं नव्हतं. तिनं अकरा पानांचा अहवाल लिहिला. पहिल्या वेचणीखाली लिहिलं की वजन तेवीस किलो भरलं, ते ग्राह्य धरू नये. का धरू नये, हे पाच ओळींत लिहिलं. वेचणीवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीला हे ठाऊक होतं, असंही लिहिलं. ते वाक्य तिनं बळीरामला वाचून दाखवलं.

"ठेवू का?"

"ठेव," तो म्हणाला. शेवटच्या पानावर पालकाची सही हवी होती. त्यानं सावकाश, अक्षर अक्षर जोडून केली.

जानेवारीत मुलाखतीचं पत्र आलं. दोघं नांदेडहून रेल्वेनं हैदराबादला गेले. काचेच्या दारांच्या इमारतीत एका बाकावर बळीराम बसला. चपलेला वावरातली काळी माती होती. ती फरशीवर पडली, तेव्हा त्यानं ती हातानं गोळा करून खिशात टाकली. शेजारी एका मुलाचे आईवडील मुलाकडून इंग्रजीत काहीतरी पाठ म्हणवून घेत होते. मोनाली आत गेली ती पाऊण तासानं आली.

"काय इचारलं?"

"आधी वीस मिनिटं बायांचंच इचारलं."

"हसले?"

"एक सर हसले. पन तसे नाई. अन् एक वयस्कर मॅडम होत्या, त्याईनं इचारलं, का तेवीस किलो पाहून तुले आनंद झालता का?"

"मंग?"

"म्हणलं, झालता. पुरा एक दिवस झालता."

"अन्?"

"मंग म्हणे, पुढच्या खेपेला असं होऊ नये म्हणून काय करशीन? म्या सांगतलं, का कोणती चादर कोणती हे बायाइले सांगणार नाई. अन् बाबालेही नाई." तिनं पिशवी खांद्याला लावली. "ते सर हसले ते तेवाच."

बळीरामही हसला. इतक्या दूर, परक्या शहरात, त्या चकचकीत फरशीवर उभी असलेली आपली पोर त्यानं नीट पाहिली. आईच्याच साडीची कुडती शिवून घातली होती. पेरांवरचे ओरखडे अजून पुसट दिसत होते. तिनं आत जे सांगितलं, ते सांगायचं धाडस आपल्याला तीन दिवस झालं नव्हतं, हे त्याला आठवलं, आणि त्याला तिचा मान वाटला. बाप म्हणून वाटतं तसा नव्हे. आपल्याहून मोठ्या माणसाचा वाटावा तसा.

निकाल एप्रिलमध्ये लागला. चाळीस नावांत तिचं नाव एकतिसावं होतं. या वेळी पेढे वाटायचे हे त्याला ठाऊक होतं. देवीलालनं पेढा घेतला आणि विचारलं, "फुलं तोडाची नोकरी लागली का?" पण पेढा खाताना त्यानं मोनालीच्या पायांकडे बघून वाकल्यासारखं केलं, आणि मग खाकरत निघून गेला. वच्छलाबाईनं सगळ्या गावाला सांगितलं की हैदराबादच्या मोठ्या मॅडमनं आपल्याबद्दल वीस मिनिटं विचारपूस केली. काय विचारलं, हे तिनं सांगितलं नाही.

जुलैत मोनाली गेली. तिथल्या सरांना तिच्या कामाचं दुसऱ्या वर्षाचं मोजमाप हवं होतं. ती फोनवर म्हणाली, "जाऊ द्या, बाबा, आता कोण करन?"

बळीराम म्हणाला, "पेरलं हाय. वीस ओळी सोडून ठेवल्या."

सप्टेंबरात डोमकळ्या दिसू लागल्या. दर तिसऱ्या दिवशी सकाळी बळीराम एका बाजूनं आणि वच्छलाबाई दुसऱ्या बाजूनं ओळीत शिरायचे. तो तोडायच्या ओळी तोडायचा. न तोडायच्या ओळीत दोघंही हात पाठीमागे बांधून वाकायचे, कारण हात मोकळे राहिले की आपोआप फुलाकडे जात. एका सकाळी शेवटच्या ओळीत दोघांचं बिनसलं. एक फूल अर्धं उमललं होतं, अर्धं पिळलेलं.

"धरा तिले," वच्छलाबाई म्हणाली. "डोमकळीच हाय."

"उमलली हाय नं अर्धी."

"अर्धी उमलली म्हणजे उमलली का? भौ, म्या पंधराव्या वर्षापासून पऱ्हाटी पाह्यतो."

अर्धा तास झाला तरी मिटेना. ऊन चढलं. शेवटी बळीरामनं फोन लावला. मोनाली वर्गाबाहेर आली असावी. मागून मुलींचे आवाज येत होते.

"किती, बाबा?"

"तोडल्या त्याच्यात अकरा. सोडल्या त्याच्यात सदतीस."

"नक्की?"

"सदतीस नक्की. एक फूल समजलं नाई. ते धरलं नाई म्या, वहीत वेगळं लिवलं. पुढं लिवलं, समजलं नाई म्हणून. चालते का?"

पलीकडचे मुलींचे आवाज मागे पडले.

"चालते, बाबा," मोनाली म्हणाली. "असंच पायजे."

"मंग ठेवतो," बळीराम म्हणाला. "वच्छलाबाई मानून नाई राह्यली. तिचंही म्हणणं लिवून घेतो."